थँक्सगिव्हिंगला मी वाचतो ते पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, आणि तेही मी सांगितलं म्हणून नाही — आमचे पासपोर्ट एकाच फाईलमध्ये असतात म्हणून. उरलेलं अर्धं फक्त माझ्यापाशी आहे. तुम्ही मला ओळखत नाही हे एका परीने बरंच आहे. ओळखत असतात तर मी तुम्हालाही ती वही दाखवली असती, आणि तुम्हीही म्हणाला असतात, किती मनापासून लिहितोस रे.

वहीपासून सुरू करतो. खरं तर ती पळवाटच आहे, सुरुवात वहीच्या आधीची आहे. पण आधीचं सांगायला अजून तोंड उघडत नाही. थोडं थांबा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टिम्स सांभाळायचं माझं काम. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी सई सहावीत होती. नोव्हेंबर लागला तसा तिच्या बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला — थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे महिनाअखेरच्या आभाराच्या सणापर्यंत, रोज एक गोष्ट लिहायची, जिच्याबद्दल आपल्याला कृतज्ञ वाटतं. घरच्यांनीही लिहिलं तर फारच छान. सईने तीन वह्या आणल्या. मृणाल, म्हणजे माझी बायको, चौथ्या दिवशी कंटाळली. सई दहाव्या दिवशी. मी मात्र एकही दिवस चुकवला नाही. वर्गात पहिला येणारा मुलगा होतो ना मी, गृहपाठ दुसऱ्याचा असला म्हणून काय झालं?

सुरुवातीला हसू यायचं. आपल्याकडे आईने पान वाढलं म्हणून कुणी आभार मानलेत कधी? पहिल्या दिवशी मी लिहिलं, नळाचं गरम पाणी. दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या रस्त्यावरची लाल पानं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने न मागता उचलून ठेवलेलं पार्सल. आणि मग, काय सांगू, मला ते आवडायलाच लागलं. चार ओळी लिहिल्या की हलकं वाटायचं. पोट साफ झाल्यासारखं. दुसरी चांगली उपमा सुचली असती, पण हीच बरोबर आहे.

पाचव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, नागपूरला शाळेत शिकवायची, बाबांजवळ राहायची. बाबांना आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कुणाला विचारलं नाही, बोलूनही दाखवलं नाही. त्या सकाळी ती म्हणाली, "डॉक्टर म्हणून राहिले, आता फार दिवस नाहीत. बाबा रोज तुझंच विचारून राहिले. चार दिवस येऊन जा फक्त."

आणि मी म्हणालो, "ताई, माझं स्टॅम्पिंग संपलंय गं."

इथल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला तरी इथे राहून नोकरी करता येते. पण एकदा देशाबाहेर पडलं की परत येण्यासाठी नवा शिक्का लागतो, त्यासाठी तिकडच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीची तारीख लागते, आणि तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत. माणसं आईच्या अंत्ययात्रेला जाऊन पाच-पाच महिने अडकलेली आहेत. म्हणून "स्टॅम्पिंग" एवढा एक शब्द उच्चारला की पुढे कुणी काही विचारत नाही. मान हलवतात, खांद्यावर हात ठेवतात. इतकं सोयीचं कारण देवाने दुसऱ्या कुठल्या जमातीला दिलं असेल का?

ताईला मी ते सगळं समजावून सांगितलं. शांतपणे, सविस्तर, टप्प्याटप्प्याने. नोकरी जाईल, सईची शाळा सुटेल, सगळं सांगितलं. ती मधेच म्हणाली, "मग नको येऊ राजा. मी आहे ना इथं."

माझ्या पासपोर्टवरचा शिक्का अजून सतरा महिने चालणार होता.

त्याच रात्री विमानात बसलो असतो तर आठवड्याने परत आलो असतो, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नसतं. ऑफिसात रजाही शिल्लक होती. कुठलीच अडचण नव्हती. मी शोधून पाहिली, एकसुद्धा सापडली नाही.

संध्याकाळी मी वही उघडली आणि ताईवर अख्खं पान लिहिलं. मराठीत लिहिलं, इंग्रजीत ते ऑफिसच्या ईमेलसारखं वाटत होतं. जे माझ्या वाट्याचं होतं ते ती करते आहे, सात समुद्रांच्या अंतरावर मी हात बांधून बसलो आहे, तिच्या ऋणातून मी कधी मोकळा होणार नाही — असं बरंच काही. हात बांधून! कुणी बांधले होते? पण लिहिताना माझे डोळे भरून आले. खरंच आले. स्वतःच्याच खोट्यावर रडलेला माणूस पाहिला आहे कुणी? मी पाहिला आहे, आणि मला त्याची किळस येते.

थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे पाच मराठी कुटुंबं जमतात. टर्की कुणाला धड भाजता येत नाही, ती विकत आणतो, मुलं खातात. मोठी माणसं मसालेभात आणि पम्पकिन पायवर ताव मारतात. त्या वर्षी सईने सगळ्यांना वहीचं सांगून टाकलं आणि म्हणाली, "डॅड, रीड युवर्स." मी थोडे आढेवेढे घेतले. किती घ्यायचे ते मला बरोबर कळतं. मग ताईचं पान वाचलं. एके ठिकाणी आवाज अडकला, तेव्हा थांबलो, पाणी प्यायलो, पुढे वाचलं. बायकांनी डोळे पुसले. सुहास माझा इथला सर्वांत जुना मित्र, त्याने उठून मिठी मारली. म्हणाला, "यार, या व्हिसाने आपल्या सगळ्यांचीच वाट लावलीये." मृणाल तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ पातेलंच पुन्हा घासत बसली.

लक्षात घ्या, बाबा तेव्हा जिवंत होते. समोर चार दिवसांची सुट्टी होती, आणि मी टाळ्या घेत होतो.

आता आधीचं सांगतो.

झटका आला तेव्हा मी गेलो होतो, दोन आठवड्यांसाठी. औषधांचा तक्ता करून भिंतीला लावला, हवेची गादी आणली, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललो. शेजारपाजारचे म्हणाले, अमेरिकेहून धावत आला बिचारा. बाबांचं अंग पुसायला, त्यांना स्वच्छ करायला एक माणूस यायचा. एके दिवशी तो आला नाही. ताई म्हणाली, जरा धर, कुशीवर वळवू. मी धरलं. तिने चादर बाजूला केली.

काय सांगू? वास. त्यांच्या पाठीला झालेली ती जखम. ज्या माणसाचा दरारा होता, ज्याच्या समोर मी सिगारेटचं नावसुद्धा काढलं नव्हतं, त्याच्या मांड्या माझ्या हातात काटकुळ्या, ओल्या, थरथरत होत्या. माझ्या बोटांना लागलं. मी हात सोडला. ते अर्धवट वळलेले तसेच पालथे पडले, नाक उशीत. मी पळालो, आणि मोरीत ओकलो. दार लावायचं भान राहिलं नव्हतं. बाबांना सगळं ऐकू गेलं.

परत आलो तेव्हा ताईने एकटीने सगळं उरकलेलं होतं. बाबांची जीभ जड झाली होती, शब्द कळायला वेळ लागायचा. तो शब्द मात्र लगेच कळला. ते म्हणाले, "सॉरी रे."

मी काय म्हणायला हवं होतं? काहीही चाललं असतं. मी काही म्हणालो नाही. राहिलेले आठ दिवस मी सकाळी त्या खोलीत जाण्याची वेळ टाळत राहिलो — कधी औषधाच्या दुकानात, कधी बँकेत. सगळ्या नागपुरात माझ्याइतकं कामाला जुंपलेलं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून स्टॅम्पिंग. व्हिसाची भीती नव्हती, नोकरीची नव्हती. मला माझ्या बापाची किळस आली होती, आणि पुन्हा ती येईल याची भीती होती. एवढंच आहे. यापेक्षा भारदस्त कारण मी पुष्कळ शोधलं.

बाबा डिसेंबरच्या मध्यावर गेले. आणि आता मला जाताही येईना. गेलो असतो तर शिक्का कुठून आला, हा प्रश्न आला असता. अग्नी ताईने दिला. मी तो फोनवर पाहिला, आडवा धरून, चित्र मोठं दिसावं म्हणून. मग वही उघडली. थँक्सगिव्हिंग होऊन गेली होती तरी सवय सुटली नव्हती. त्या दिवशी लिहिलं, सुटलो, माझ्यावर ते पुन्हा बघायची वेळ आली नाही याबद्दल आभारी आहे. अख्ख्या वहीत तेवढीच एक ओळ खरी होती. ते पान मी फाडलं, तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात कॉफीच्या चोथ्याखाली दाबले.

तुम्हाला वाटेल, यानंतर मी वही टाकून दिली असेल. छे. पुढच्या थँक्सगिव्हिंगला सुहासच म्हणाला, ते ताईचं पान वाच ना. वाचलं. त्याच्या पुढच्या वर्षीही वाचलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात "कृतज्ञतेची सवय" या विषयावर मी वीस मिनिटं बोललो, आणि लोकांनी मला विचारून विचारून वह्या घेतल्या. एका काकूंनी सांगितलं, तुमचं ऐकून मी सासूबाईंना माफ केलं. मी नम्रपणे हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे आज पाहिलं तरी मळमळतं. पण त्या दिवशी नव्हतं मळमळलं. त्या दिवशी बरं वाटलं होतं.

या वर्षी ताई आली. पहिल्यांदाच. तिच्या मागे आता कुणाचं करायचं राहिलेलं नाही, म्हणून येऊ शकली. सईने तिलाही वही दिली आणि नियम समजावून सांगितले. ताई रोज दुपारी खिडकीशी बसून लिहायची, शाळेतल्या बाईंच्या त्या गोल अक्षरात. मी एकदाही डोकावलो नाही.

थँक्सगिव्हिंगला सगळे जमले. ती टेबलापाशी माझ्या शेजारी बसली होती. सई म्हणाली, "आत्या, यू गो फर्स्ट." ताईने चष्मा लावला आणि वाचलं, की मी स्टॅम्पिंगचे आभार मानते. सगळे हसले. मीसुद्धा.

तिने पुढे वाचलं ते असं. बाबांनी नोव्हेंबरात खाणं सोडलं होतं. तोंड घट्ट मिटून घ्यायचे. मग मी त्यांना सांगितलं, त्याला यायचंच आहे, शिक्का लागला की निघतो, तुमच्या अंगात भेटण्याइतकी ताकद नको का? तेव्हापासून ते तोंड उघडायला लागले. रोज चार चमचे पेज. रोज विचारायचे, लागला का? मी म्हणायचे, उद्या. त्या एका शिक्क्यावर बाबा मला पाच आठवडे जास्त मिळाले. शेवटच्या सकाळी त्यांनी दाढी करून मागितली. मला म्हणाले, खोलीत उदबत्ती लाव, त्याला वास सहन होत नाही.

सईला सगळं कळलं नव्हतं, ती आईला हळूच इंग्रजीत विचारत होती. मृणाल तिला उत्तर देत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा, सरळ. ताईने वही मिटली, चष्मा काढला आणि म्हणाली, "आता तू वाच."

मी तिथे बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे एकाच टेबलाभोवती होते. मी वही उघडली आणि नेहमीचं पान वाचलं. हात बांधलेले, सात समुद्र, ऋण. आवाज जिथे थांबतो तिथे थांबवला, पाणी प्यायलो, पुढे वाचलं. मी वाचत होतो तोवर ताईचा हात माझ्या पाठीवर होता.

ती मंगळवारी परत जाते आहे. तिला सांगायला माझ्याकडे अजून पाच दिवस आहेत. मी सांगणार नाही, हे मला आजच माहीत आहे.