एका कानाचं कर्णफूल

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, माफ करा. चौथीनंतर लिहायचा प्रसंग फारसा आला नाही. पण अण्णांबद्दल लिहावंसं वाटतं.

जुना दागिना हातात आला की अण्णा तो आधी उलटा करायचे. "पुढून सगळेच नटतात," म्हणायचे, "मागून बघावं."

करोल बागेत आमच्या खोलीखाली त्यांची गलाईची भट्टी होती. सराफ जुने दागिने आणत आणि अण्णा ते वितळवून शुद्ध सोनं काढून देत. आता तुम्हीच सांगा, ज्याचा धंदाच दागिने मोडायचा, त्याने त्यांच्या प्रेमात पडावं का? रवाकाम दिसलं, की मोहरीहून बारीक सोन्याचे दाणे कसे बसवले असतील, हे समोरच्याला ऐकवत बसायचे.

"अण्णाजी, गला दो ना यार!" सराफ वैतागायचा.

"गल जाएगा. सौ साल का माल है, पहले देखने दो."

त्यांना सगळंच शंभर वर्षांचं वाटे. एकदा अशाच एका बांगडीच्या आत कारखान्याचा शिक्का निघाला. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

एकदा जोडीतलं एकच कर्णफूल आलं, चांगलं वजनदार. पुढे कुंदनाचे खडे आणि मागे, जिथे कानाशिवाय कुणाला पत्ता लागणार नाही, तिथे मिन्याची हिरवी वेल. अण्णांनी ते मोडलं नाही, विकतच घेतलं. पैसे कमी पडले, ते मी माझ्या शिलाईतले दिले.

"शौकीन माणूस मिळेल, पोरी. लगेच परत करतो."

"आता एका कानाची बाई शोधा!" काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या.

अण्णा शहराच्या एका टोकाच्या द्वारकेपासून दुसऱ्या टोकाच्या गाझियाबादपर्यंत ते खिशात घालून हिंडले. आवडलं सगळ्यांना, घेतलं कुणीच नाही.

मग माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली. मी पैसे मागायला खाली जायची आणि चहा पिऊन वर यायची.

"रोज चहाला येतेस, घरची साखर संपली का गं?" काकूंनी विचारलं. मला एकदम रडूच आलं आणि फीचं तोंडून निघून गेलं. अण्णा भट्टीपाशी बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात जळक्या लाखेचा वास आला. कुंदनाच्या पोटात लाख भरलेली असते. मी धावत खाली गेले, तोवर सोनं वितळवायची मूस लाल झाली होती. फरशीवर मिन्याचे हिरवे कण पडले होते.

"अण्णा, मी मागितले नव्हते हो."

"तुझ्या मागण्याची वाट बघितली तर पोरगी म्हातारी व्हायची."

संध्याकाळी सोनं विकून ते वर आले. नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि मी मोजेपर्यंत दारातच उभे राहिले. पैसे पुरे होते.