केळीच्या सोपटावरचा बर्फ

वैशाखात आमच्या रावेरकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही. हवालदार आबा मात्र पायात लोकरीचे मोजे घालून भर दुपारी चावडीवरून जायचे. धोतर, सदरा, पांढरी टोपी आणि खाली जाडेभरडे मिलिटरीचे मोजे. "आबा, पाय उकडत नाहीत का?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पायले थंडी वाजस." एवढंच बोलून पुढे चालू लागायचे. विचारणारा आधी होता त्याहून जास्त गोंधळात पडायचा.

आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. लडाखात हिमदंशाने त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली, फौजेने घरी पाठवलं आणि ते सासुरवाडीला, म्हणजे आमच्या गावी, बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, वाट्याची केळी बघायला येऊन राहिले. गावाने त्यांना पाठीमागे घरजावई म्हणून आणि तोंडावर आबा म्हणून वागवलं. इतकी वर्षं राहूनही 'आहे'ला 'शे' म्हणणारी आपली बोली त्यांनी काही सोडली नाही. आमच्या बोलीत ते कधी बोललेच नाहीत, आणि आम्हालाही ते कधी पुरते समजले नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी पारावर जाहीर केलं, "बर्फवरनी हॉकीसाठे माले दोन गडी पाहिजेत." लडाखात तळं गोठलं की त्यांच्या पलटणीतले जवान बुटांना पाती बांधून त्यावर हॉकी खेळायचे. आबाही खेळायला लागले होते, तेवढ्यात पायाची बोटं गेली. त्यांचे कप्तानसाहेब आता सिमल्याला होते. तिथे हिवाळ्यात बर्फाचं मैदान धरतं. 'तुझ्या मुलखातले दोन तयार गडी आण, मी त्यांना संघात घेतो,' असा शब्द साहेबांनी दिला होता. आपल्याला जमलं नाही ते आपल्या हातचा कुणीतरी करताना डोळ्यांनी बघायचं, एवढं एकच आबांच्या मनात होतं.

आता आमच्या गावात बर्फ दिसायचा तो जत्रेतल्या गोळ्यात. त्यावर उभं कसं राहायचं? शेवटी दोघांनी हात वर केले: तालमीतला पंडित आणि मी. पंडितला वाटलं हा कुस्तीचाच काही फौजी प्रकार असेल. मी कॉलेज सोडून घरी बसलो होतो आणि मला घरापासून लांब कुठेही जायचं होतं.

आबांची तालीम त्यांच्या मळ्यात विहिरीजवळच्या फरशीवर चाले. घड उतरवलेल्या केळीचं खोड आडवं पाडायचं, त्याची सोपटं सोलायची आणि ओली, बुळबुळीत बाजू वर करून फरशीवर अंथरायची. दोन्ही टोकांना सरकीचं एकेक पोतं. आम्ही आबांनी दिलेले मोजे घालून, कंबरेत वाकून, एका पोत्यापासून दुसऱ्या पोत्यापर्यंत आडवे घसरायचो. पोत्यावर पाय आपटला की उलट ढकलायचं. "पाय उचलाना नही, ढकलाना! ढुंगन खाले!" आबा काठी आपटत ओरडायचे. पहिल्या आठवड्यात आम्ही घसरलो कमी आणि पडलो जास्त. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही, त्यामुळे गावात आम्ही डागांवरून ओळखू येऊ लागलो.

ताकदीसाठी ओली खोडं खांद्यावर घेऊन बैठका. वेगासाठी नाल्याच्या चढावर पळणं, पण तेही मिनिटभरच. दम लागायला लागला की आबा हात धरून खाली बसवायचे. पंडितला हे अजिबात पटेना. "आबा, आत्ता कुठी अंग तापू राह्यलं, आन् बसा काय म्हन्ता?" आबा म्हणायचे, "बर्फवर मिनिटमा जीव काढी टाकाना आनि मंग दुसराले जागा देवानी." हा कसला खेळ, ज्यात मिनिटभर पळून बसायचं? आबा खडूने मैदान काढून दाखवायचे, आणि दर वेळी ते वेगळंच निघायचं. माझे वडील एकदा बांधावर उभे राहून बघत होते. घरी येऊन आईला म्हणाले, "केयीवरून घसरून कोनी मोठं झाल्याचं आयकलं नाही." तरी त्यांनी मला का अडवलं नाही, हेही मला तेव्हा कळलं नाही.

पौषात आम्ही तिघं भुसावळहून निघालो. सिमल्याला पोचलो तर ढग आलेले आणि मैदानात नुसता चिखल. आबा रोज पहाटे जाऊन बघून यायचे आणि चुलीशी बसायचे. निघायच्या दिवशी आभाळ निवळलं आणि बर्फ धरला. साहेबांनी पात्यांचे बूट दिले. पंडित उभा राहिला आणि तिथेच बसला. मी पाय टेकवला आणि काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. गुडघे आपोआप वाकले. ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मी निघालो. वारा कानात शिरत होता. मागून आबांचा आवाज आला, "जाय! जाय!" मैदान संपत आलं आणि मला आठवलं, की थांबायचं कसं हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. सिमल्यात सरकीचं पोतं नव्हतं. मी कठड्यावर आदळून पलीकडच्या बर्फाच्या ढिगात उलटा पडलो.

साहेब पोट धरून हसले. म्हणाले, "हवालदार, टाँगें तो लोहे की हैं, मगर इसे रोकेगा कौन?" संघात अर्थातच घेतलं नाही. आबांनी मला ढिगातून ओढून काढलं. त्यांचे डोळे वाहत होते, पण ते हसताहेत की रडताहेत, मला समजेना. मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसून होते. खंडवा गेल्यावर मी रागाने विचारलं, "आबा, थांबायचं का नाही शिकवलं?" त्यांनी मान वळवली नाही. "मालेच कोठे थांबता येस?" म्हणाले. "तळ्यावर चार दिवस खेळनू. मीबी बाजूना ढिगमाच पडनू. थांबानं शिकाना आधीच पाय गया." पंडितने तोंडावर घोंगडी ओढली. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

दुसऱ्या सकाळी मळ्यात गेलो तर ताजी सोपटं अंथरलेली होती आणि पोती नव्हती. आबा स्वतः मोजे घालून उभे. "आज आपन तिन्ही थांबानं शिकू," म्हणाले. केळीच्या सोपटावर कुणाला थांबता येत नाही. तिघंही मातीत लोळलो. अक्का धुणं टाकून बघायला आल्या आणि कपाळाला हात लावून परत गेल्या.

सिमल्याचं बोलावणं पुन्हा आलं नाही. बर्फावरच्या हॉकीचा एकही सामना मी आजवर पाहिलेला नाही, आणि मी नेमका कशासाठी तयार झालो होतो ते मला अजून सांगता येत नाही. पण घड उतरल्यावर खोड पडल्याचा आवाज आला की माझे गुडघे थोडे वाकतात.

काही वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते. मी पायाशी बसलो, मोजा सरकला होता तो वर ओढला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"तू त्या टोकलोंग गयथा ना रे?"

"टोकापर्यंत गेलो होतो, आबा."

"मी पडनू तव्हय टोक लांब व्हतं," ते म्हणाले आणि पाय माझ्या मांडीवर ठेवून झोपले.