तयार घराचा भाव

बंगळूरच्या जे. पी. नगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. घासाघीस करताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. उलट त्या समोरच्याची मायेनं चौकशी करत बसत. के. आर. पुरमच्या आमच्या प्लॉटवर विटांचं घर बांधणं परवडणारं नव्हतं, म्हणून कारखान्यात बनवलेलं पत्र्याचं तयार घर घ्यायचं ठरलं. मी अक्कांना घेऊन पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेले.

कारखानदार बेळगावकडचा होता. तो भाव सोडेना. "घर आतून गार राहतं," असं पुन्हापुन्हा सांगत होता. अक्कांनी त्याला आवारात उभ्या केलेल्या नमुन्याच्या घरात बोलावलं, दार ओढून घेतलं आणि जमिनीवर फतकल मारून म्हणाल्या, "स्वल्प बसा की."

एप्रिलची दुपार होती. अक्का त्याच्या आईच्या गुडघ्यांविषयी विचारत राहिल्या आणि तो मान पुसत उत्तरं देत राहिला. मला हसू आवरेना.

शेवटी तो म्हणाला, "सरी अक्का, ठीक आहे. छताला आतून थर्माकोल लावून देतो, आणि भाव तुम्ही म्हणाल तो. आता दार उघडा."

"उघडंच आहे की, अण्णा," कपाळावरचा घाम पदरानं टिपत अक्का म्हणाल्या. "मी कुठं कडी घातली?"