बरोबर नंबरचा कूलर

घाटापलीकडे शिकाऊ वैमानिकांच्या विमानांचं एक वर्कशॉप आहे, तिथलं स्टोअर मी सांभाळते. इतकी वर्षं येईल त्याला मी एकच सांगत आले: सुटा भाग नजरेनं ओळखू नका, नंबरानं ओळखा. ऑइल कूलरचंच घ्या. इंजिनातलं तापलेलं तेल थंड करणारी ॲल्युमिनियमची जाळीदार पेटी. दोन कूलर शेजारी ठेवले तर जुळे वाटतात, पण एकाच्या नळ्यांची तोंडं बाजूला, दुसऱ्याची वर. नंबरात फरक शेवटच्या अक्षराचा.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या एका विमानाचं इंजिन आतून झिजलं. तेलाच्या गाळणीत धातूचा चुरा सापडला. अशा वेळी इंजिनाबरोबर कूलरही बदलावा लागतो, कारण जाळीत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. आणि जुना कूलर करवतीनं कापून भंगारात टाकायचा, म्हणजे तो परत कुणाच्या विमानाला लागायला नको. कापायचं काम माझं.

मी कापला नाही. माझा धाकटा भाऊ सूर्यमाळ ते मोखाडा जीप चालवतो. चढावर जीप तापते म्हणून तो कधीचा मागे लागला होता, "तुमच्याकडं विमानाचं कायतरी जुनं निघत असंल ना गं बाय." आमच्या पाड्यावर धातू कुणी टाकत नाही. गाडीच्या मोडक्या पाट्याचासुद्धा कोयता होतो. मी कूलर पिशवीत घालून त्याला नेऊन दिला आणि रजिस्टरात 'कापला' लिहून सही केली.

पुढच्या आठवड्यात नागली झोडायला रजा घेऊन घरी आले. तिथं रेंज फक्त घरामागच्या टेकाडावर येते. वर्कशॉपचा हेड मेकॅनिक नव्या कूलरच्या शोधात होता, म्हणून दिवसभर मी टेकाडावर उभी राहून त्याला नंबर ओरडून सांगत होते. अक्षर न् अक्षर, दहा वेळा. खाली वहिनी हसत होती, "ताईंनी नागलीला मंत्र घातला, आता दाणे आपोआप पडतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मीच फोन केला.

"ताई, काम झालं," मेकॅनिक खुशीत होता. "कूलर सकाळीच आला. नंबर एकदम बरोबर."

"कुठून आला?"

"असं काय करता? तुम्हीच एसटीच्या ड्रायव्हरकडं दिलात ना? तुमच्या भावाचा फोन होता. ताईनं पाठवलाय, कागद ती येताना आणेल म्हणाला."

मी खाली अंगणात पाहिलं. जीप बॉनेट उघडून उभी होती. सकाळपासून तशीच उभी होती आणि मी दोनदा तिच्या शेजारून गेले होते. मी दिलेला कूलर भावानं तिच्यातून काढून पाठवला होता. 

"बसवलात?" मी विचारलं.

"कधीच. वीस मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. चार वाजता वर नेतोय. पुढं पायलट, मागं मी."

"नेऊ नका."

"काय?"

"विमान हलवू नका. तो जुना कूलर आहे. त्याच विमानाचा. आत चुरा आहे."



"पण ताई, तो तर कापलाय. तुमची सही आहे."

"सही खोटी आहे. मी भावाला दिला होता."

तो फोन न ठेवता कुणाला तरी "चावी काढ, चावी काढ" असं ओरडला, तेवढं ऐकू आलं.

भाऊ टेकाड चढून माझ्यापर्यंत आला होता. माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. "काय झालां गं बाय? नंबर तोच होता ना? तू सांगत होतीस ते मी कूलरवरच्या नंबराच्या पट्टीवर तीनदा ताडून बघितलां. डिझेलनं धुतला, ब्रश मारला. म्हटलां, तुझी रजा तरी सुखाची जाईल."

"नंबर तोच होता," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? त्यानं माझंच शिकवलेलं केलं होतं, आणि वर्कशॉपच्या लोकांपेक्षा नीट केलं होतं.

तासाभरानं फोटो आला. नव्या इंजिनाची गाळणी उघडून पांढऱ्या फडक्यावर झटकली होती. फडक्यावर चंदेरी कण. मी फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला. वीस मिनिटांत एवढा चुरा. वर गेले असते तर मेकॅनिक मागच्या सीटवर माझ्या सहीवर भरवसा ठेवून बसला असता.

भावाला सांगितलं, तोच चुरा तुझ्या इंजिनातही गेला असेल, जीपचं तेल काढ, इंजिन उघडल्याशिवाय एकही माणूस बसवू नकोस. तो म्हणाला, "उद्या मोखाड्याचा बाजार आहे." म्हटलं, लोक चालत जातील.

मग पुतणीच्या वहीचा कागद घेऊन काय केलं ते चार ओळींत लिहिलं, खाली खरी सही केली आणि टेकाडावरूनच वर्कशॉपला फोटो पाठवला. संध्याकाळी निरोप आला: स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याकडे दिल्या आहेत, चौकशी होईल. मीही त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.