आप्पा दारात उभे राहिले

मच्छे गावातल्या एका कारखान्यात मी संगणकांचं काम बघते. कामगारांच्या पाळ्या आणि रजा एका छोट्या लिनक्स सर्व्हरवरच्या पानावर दिसतात. त्या सर्व्हरची पेटी बनवणारी कंपनी बंद पडली, त्यामुळे पेटीतला वेब सर्व्हर, म्हणजे ते पान दाखवणारा प्रोग्रॅम, जुनाट होऊन बसला होता. तयार नवी आवृत्ती मिळेना, म्हणून मूळ कोड आणून तो त्याच पेटीवर बांधायचं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचं, मी ठरवलं.

त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, डोळे दाखवायला जांबोटीहून आले होते. दवाखाना उरकून ते कारखान्यात माझ्याजवळ येऊन बसले. डोळ्यांत औषध घातलेलं, पडद्यावर पळणाऱ्या ओळी त्यांना धड दिसतही नव्हत्या. कोड बांधून झाला, पण नवा सर्व्हर काही सुरू होईना. पान बंद. दारात माणसं विचारायला जमू लागली, तशी मी घाईघाईनं तीच आज्ञा पुन्हापुन्हा देऊ लागले. आप्पा उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

“स्वल्प ताळ्री,” त्यांनी कन्नडमध्ये सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं. मग मराठीत म्हणाले, “आमची पोरगी बघाय लागलीया. हुतंय.”

ते ‘हुतंय’ ऐकून मी शांत झाले. पडद्यावरची चूक सावकाश पुन्हा वाचली. जुन्या सेटिंगमधली एक ओळ नव्या सर्व्हरला चालत नव्हती. ती बदलली आणि पान उघडलं.

संध्याकाळी मी आप्पांना घरी पोचवायला निघाले, तेव्हा जांबोटीच्या बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, “पर गं, तू नेमकं केलंस काय?”

मी हसले आणि सुरुवातीपासून सांगायला लागले.