तू कोंबडी राख

या सदरातले अनुभव मी नेहमी उघडतो आणि खरं सांगायचं तर अर्धे वाचून सोडून देतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. मशीन आपोआप चालू झालं तर आम्ही वायर बघतो, अंगारा लावत नाही. घरात बुद्धवंदना होते, पण दाराला लिंबू-मिरची आजवर लागलेली नाही. तेव्हा पुढचं वाचून मला वेड्यात काढलंत तरी राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या भावाचा, मिलिंददादाचा, अॅक्सिडेंट झाला. फर्स्ट शिफ्ट सुटून घरी येताना मोशीच्या अलीकडे एका टेम्पोनं कट मारला. डोक्याला मार, शुद्ध नाही, आयसीयू. डॉक्टर "वाट बघू" एवढंच म्हणायचे. आत फक्त दुपारी आणि संध्याकाळी सोडायचे, तेही एकेकाला. सुजातावहिनी दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसलेली असायची. मी दुपारी जाऊन यायचो आणि संध्याकाळपर्यंत पिंपरीच्या घरी आईजवळ थांबायचो. आईचे गुडघे गेलेत, तिला हॉस्पिटलचे जिने जमत नव्हते. घरात बसून मात्र डोकं फुटायची वेळ आली होती.

आमचा जुन्या गेमवाल्यांचा एक ग्रुप आहे. लहानपणी डोक्यावर घेतलेले गेम आज पुन्हा खेळायचे आणि प्रामाणिकपणे लिहायचं — यात अजून दम आहे की आपणच तेव्हा येडे होतो? हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी माळ्यावरून आमचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम काढला. पहिला रिमोट शाबूत होता. दुसऱ्याची वायर उंदरांनी खाल्लेली, तो तसाच भंगारात टाकला. कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि टीव्हीला जोडलं.

गाड्यांची शर्यत लावली... वळणावर आम्ही जागच्या जागी वाकायचो, ती ही! गाडीचा आवाज मिक्सरसारखा. आई कॉटवरून बघत होती. ती मूळची लातूरकडची. म्हणाली, "ह्याच्यासाठी डोकी फोडत होतात व्हय रे एकमेकांची?"

मग रणगाड्यांचा लावला. स्क्रीनच्या खाली मधोमध, विटांच्या आडोशाला, एक पक्षी असतो. असेल गरुड, पण आमच्या गल्लीत सगळे त्याला कोंबडीच म्हणायचे. वरून शत्रूचे रणगाडे येतात, कोंबडी मेली की खेळ खलास. दोघं खेळायला बसलो की दादा म्हणायचा, "तू कोंबडी राख, मी वर जातो." आणि त्याचा निळा रणगाडा वर निघायचा. माझा पिवळा कायम खाली, राखणीला.

पुढे ते आमच्या घरातलं वाक्यच झालं. पप्पा वारले तेव्हा दादानं कॉलेज सोडलं, कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि मला आयटीआयला घातलं. मी कुरकुर केली तेव्हा आईकडे बोट दाखवून म्हणाला, "तू कोंबडी राख." एवढंच. वडील गेल्यावर मला वडील कमी पडले नाहीत, ते त्या माणसामुळे.

तर, बोटांना सवय — मी टू प्लेयर निवडलं. दुसरं सॉकेट रिकामं, त्यामुळे निळा नुसताच उभा राहिला. चूक लक्षात आली, रिसेट करावं म्हणून हात पुढे केला... आणि निळा हलला.

लूज कॉन्टॅक्ट, म्हटलं. जुनं सर्किट, धूळ बसलेली. पण राव, लूज कॉन्टॅक्टनं रणगाडा फार तर एका दिशेला जाऊन भिंतीला अडकेल. हा भिंतीपाशी वळला. आडोशाला थांबला, समोरचा टप्प्यात आल्यावर त्याला उडवला आणि पुढे निघाला.

आई उठून बसली. "दुसरं कोण खेळायलंय?"

निळा वर चालला होता. वर जाणं म्हणजे आपल्याकडे आणखी काय, हे तुम्हाला सांगायला नको. इतक्या वर्षांत मला ते कधी सुचलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा सुचलं. मी चांगला बाप्या माणूस, टीव्हीला हाक मारली — "दादा, खाली ये. आज तू कोंबडी राख. मी वर जातो."

निळा थांबला, फिरला. आल्या वाटेनं सगळं अंतर उतरून कोंबडीच्या विटांना लागून उभा राहिला. मी पिवळा घेऊन वर गेलो. मला वरची सवय कुठे? दोन मिनिटांत माझे सगळे डाव संपले. निळा तिथेच होता, समोर आलेल्यांना टिपत.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. रडत होती, आधी काही कळेचना. "मला मधेच आत सोडलं होतं... यांनी माझं बोट धरलं... सिस्टरनंपण बघितलं!"

मी तसाच पळालो.

दादा वॉर्डात आल्यावर, नळी काढल्यावर, घोगऱ्या आवाजात मला पहिलं काय म्हणाला असेल? "मला कोंबडी राखायला लावून... स्वतः वर गेलास व्हय रे?" वहिनीला वाटलं भ्रम झाला, ती सिस्टरला बोलवायला धावली. मी त्या दुपारचं कुणालाही सांगितलं नव्हतं. आईनंही नाही, तिला मी विचारलंय. आणि दादाला आज आपण असं बोललो हेसुद्धा आठवत नाही.

गेम मी पूर्ण खोलला. मीटर लावून एकेक पिन तपासली, काही सापडलं नाही. त्यानंतर कितीदा टू प्लेयर लावलं, निळा जागचा हलत नाही. योगायोग म्हणा. माझ्याकडे दुसरा शब्द नाही, आणि हाही पटत नाही.

दादा आता चालतो, पुन्हा कामावर जातो. बदललीय ती आई. तिनं त्या दिवशी माझं वाक्य ऐकलं होतं, आणि त्यानंतर माझा पिवळा फुटतानाही बघितला. त्यावर ती एक अक्षर बोललेली नाही. मात्र मी शिफ्टला निघालो की दुखऱ्या गुडघ्यांनी दारापर्यंत येते. परवा घाईत "जातो गं" म्हणून दोन पायऱ्या उतरलो, तर तिनं मागून शर्टच धरला.

"जातो म्हणू नाही रे. येतो म्हण."

खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. मी मागे वळलो, तिच्याकडे बघून "येतो" म्हणालो, तेव्हा कुठे तिनं शर्ट सोडला.