बाबांचे सेठजी

ज्या माणसाचं नाव आमच्या घरात बाबांसमोर काढायची सोय नव्हती, तो माणूस आज सकाळी गेला.

आणि माझे बाबा रडले. आजी गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

सेठजी म्हणजे बाबांचे मालक. गांधीबागेच्या कापडबाजारात त्यांचं होलसेल दुकान. बाबांनी तिथे अख्खी जवानी काढली.

दुकानाच्या किल्ल्या बाबांकडे असायच्या. सकाळी शटर उघडायचं ते बाबांनी, संध्याकाळी पाडायचं तेही बाबांनीच.

सेठजी बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. वर्षभर ते मालक आणि बाबा नोकर. पण दसऱ्याला बाबा सोनं द्यायला गेले की सेठजी गादीवरून उठायचे आणि भर दुकानात बाबांच्या पाया पडायचे.

"आज तुम्ही मोठे, वसंताभाऊ. उद्यापासून पुन्हा मी."

मग एका वर्षी माल कमी भरायला लागला. कोण नेतं ते कळेना. सेठजींनी नियम काढला, दुकान बंद करताना सगळ्यांच्या थैल्या तपासायच्या. बाबा म्हणाले, बरोबर आहे. स्वतःच तपासायला उभे राहिले.

सगळ्यांच्या झाल्या. समोर दोन व्यापारी बसले होते. सेठजी म्हणाले, "वसंताभाऊ, तुमची बी दाखवा."

बाबांनी थैली उघडली. डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. सगळं गादीवर मांडलं, परत भरलं. मग खिशातल्या किल्ल्या काढून तिथेच ठेवल्या आणि पायी घरी आले.

दुसरी नोकरी हातात नव्हती. वय पंचावन्नच्या पुढे.

आई म्हणाली, "काहून सोडली जी? उद्या काय करान?"

"ज्याच्या हाती किल्ल्या देते, त्याचीच थैली पाहते तो. मी नाही जात आता."

मला तर, खरं सांगते, फार भारी वाटलं. मी तेव्हा नुकतीच मिहानमध्ये, एका आयटी कंपनीत लागले होते. आमच्याकडे लोक सकाळी राजीनामा टाकतात आणि संध्याकाळी केक कापतात. मी म्हटलं, "बाबा, टेन्शन नका घेऊ. तुमच्याएवढा एक्स्पीरियन्स कोणाकडे आहे? दुसरी मिळून जाईल."

मला बाजार माहीत नव्हता.

गांधीबागेत एका दुकानातला माणूस दुसरा सेठ असाच ठेवून घेत नाही. आधीच्या मालकाला विचारतो. बाबा जातील तिथे मान होता, चहा यायचा, आणि मग, "एक बार सेठजीले विचारून घेतो." तेवढ्यावर बाबा उठायचे. चहा तसाच राहायचा.

शेवटी जाणंच बंद केलं.

घरी पाहुणा आला की बोलता बोलता त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरायचे. "टेरिकॉट आहे. काय भावानं घेतलं?" माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मंडपाच्या पडद्यांना हात लावत फिरले. मी चिडले. म्हटलं, बाबा, लोक पाहून राहिले.

घर माझ्या पगारावर नीट चाललं होतं. माणूस मात्र वाळत चालला होता.

दुकानातले रामटेकेकाका अधूनमधून यायचे. बाबांच्या हाताखाली शिकलेले. बाबांसमोर सेठजींचं नाव घ्यायची सूट फक्त त्यांनाच; दोन्हीकडचे निरोप तेच वाहायचे.

"सेठजी म्हणते, मी काही त्याले काढलं नाही."

"पण बोलावलं बी नाही ना."

"आपल्याच दुकानात यायले निमंत्रण लागते का, म्हणते."

"त्याले सांग, मी वयानं मोठा आहो. त्यानं यावं."

काका तो निरोप घेऊन जायचे. तिकडून उत्तर ठरलेलं. मी मालक आहो, त्यानं यावं.

दोघंही एक नंबरचे अडेलतट्टू. आई म्हणायची, "दोघायले एका खोलीत घाला अन् बाहेरून कडी लावा." आम्ही हसायचो. खरंच लावायला पाहिजे होती.

या दसऱ्याला बाबांनी स्वतःहून शर्टाला इस्त्री केली. "गाडी काढ वं. गांधीबागेत जाऊन येऊ."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते परत आत जाऊन बसले असते.

गल्लीच्या तोंडाशी ॲक्टिवा थांबवली, बाबा उतरले. तिथून दुकान दिसतं. सेठजी गादीवर बसले होते. खूप उतरले होते. त्यांनी मान वर केली आणि बाबांना पाहिलं. नक्की पाहिलं, कारण ते अर्धवट उठलेसुद्धा.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आडवं आलं. सेठजी त्याच्याशी बोलायला लागले.

बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग येऊन मागे बसले.

"चल. कामात आहे तो. पुढल्या वर्षी पाहू."

मी गाडी वळवली. काहून वळवली, देव जाणे. हॉर्न वाजवायचा होता, हाका मारायच्या होत्या. काहीच केलं नाही.

आज सकाळी रामटेकेकाकांचा फोन आला. सेठजींना घरीच अटॅक आला, दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत.

बाबा चप्पल न घालताच निघाले. मी मागून गाडी नेली आणि चौकात त्यांना गाठलं.

सेठजींचा मुलगा दारातच भेटला. वाकून नमस्कार केला त्यानं. म्हणाला, "काका, तुम्ही समोरून खांदा द्या." बाबांनी दिला.

घाटावरून आले, आंघोळ केली, अंगणात बसले. आई दोनदा चहा विचारून गेली. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच जायले पाहिजे होतं वं. मोठा तर मीच होतो."

मी शेजारी जाऊन बसले.

सेठजी, आता रामटेकेकाकांच्या हाती निरोप पाठवता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आज बाबा आले होते तुमच्याकडे.

आधी तेच आले.